ॲमस्टरडॅम–लंडन: अंतर ३७० किमी, मग विमानाला एक तास वीस मिनिटं कशाला?

आम्स्टेलवासी

नमस्कार मंडळी,

आई-बाबा सध्या ताईकडे लंडनला आहेत. पुढच्या महिन्यात आठवडाभर माझ्याकडे यायचं ठरतंय. बाबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण वेळापत्रक दिसलं की त्यांचा हात आपोआप पेनाकडे जातो. ताईने त्यांना तिकिटांचे स्क्रीनशॉट दाखवले आणि रात्री साडेअकराला मला फोन.

"जाताना हीथ्रोहून १०:१० ला सुटतंय, तुझ्या स्किपोल विमानतळाला १२:३० ला लागतंय. येताना १३:१० ला सुटून १३:३० ला हजर. येताना उतार आहे का?"

ॲमस्टरडॅमचं घड्याळ लंडनच्या तासभर पुढे असतं हे सांगितलं, ते लगेच पटलं. पण सुटका नाही. "म्हणजे दोन्हीकडून एक तास वीस मिनिटं. अंतर किती?" साइटवर बघून सांगितलं, ३७० किलोमीटर. "ताशी पावणेतीनशे पडले. आणि विमान म्हणे आठशेने जातं. उरलेला वेळ कुठे मुरतो?"

तर मंडळी, कुठे मुरतो? एक साइट ५८ मिनिटं दाखवते, दुसरी ४०, तिकीट १:२०. आणि जाता जाता: दोघंही सत्तरीच्या पुढचे, बाबांचा गुडघा बोलतो. विमानाने आणू की युरोस्टार रेल्वेने?

थेम्सकाठी

बाबांना दंडवत. येताना उतार :D

अहो, ३७० आणि १:२० ही दोन वेगळ्याच गोष्टींची मापं आहेत. ३७० किमी म्हणजे दोन विमानतळांच्या ठरलेल्या बिंदूंमधलं, पृथ्वीची गोलाई धरून काढलेलं कमीत कमी अंतर. विमानवाले सागरी मैलात बोलतात. एक सागरी मैल १.८५२ किमीचा, त्या हिशोबाने हे जवळजवळ नेमके २०० सागरी मैल होतात. १:२० ही वेळ मात्र गेट सोडल्यापासून पलीकडच्या गेटला लागेपर्यंतची. प्रत्यक्ष हवेत विमान पाऊण तास, फार तर पन्नास-पंचावन्न मिनिटं असतं.

साइटच्या ५८ मिनिटांचं गुपितही साधं आहे. ताशी ८०० किमीने अंतर भागायचं आणि चढण्या-उतरण्याचा म्हणून सरसकट अर्धा तास मिळवायचा. ३७० ला भागून २८, अधिक ३०, झाले ५८. मग ते स्किपोल असो की कुठलंही आडगाव. ४० वाल्यांनी बहुतेक तो अर्धा तासही कमीच धरलाय.

कोपरखळी

धागा वाचनखुणेत साठवला आहे. बाबांना इथे सदस्य करून घ्या, आम्हाला अशा माणसांची गरज आहे.

पोल्डरकर

उरलेल्या वेळातला एक मोठा तुकडा मी रोज ऑफिसला जाताना डोळ्यांनी बघतो. स्किपोलला सहा धावपट्ट्या. त्यातली सगळ्यात लांबची पोल्डरबान, २००३ साली सुरू झाली, ३,८०० मीटर. टर्मिनलपासून ती इतकी दूर आहे की विमानाला नुसतं चालत जायला दहा-पंधरा मिनिटं लागतात, कधी त्याहून जास्त. वाटेत ए-५ हायवे लागतो, त्याच्या पुलावरून विमान जातं. खाली गाड्या, वर बोइंग. पहिल्यांदा येणारे पाहुणे हमखास मोबाइल काढतात. त्या पट्टीसाठी नियंत्रणाचा मनोरासुद्धा वेगळा बांधलाय.

एवढ्या लांब का, तर आवाज. जवळच्या वस्त्यांना त्रास कमी व्हावा म्हणून शक्य तेव्हा ही पट्टी वापरतात. त्यामुळे ॲमस्टरडॅमहून लंडनला निघालेलं विमान पोल्डरबानवरून उडालं, तर जमिनीवरचा वेळ आणि हवेतला वेळ यांत फारसा फरकच उरत नाही.

आणि हो, हे सगळं समुद्रसपाटीच्या तीनेक मीटर खाली. उतरताना विमान शून्याच्याही खाली जातं, हे बाबांना सांगा. उताराचा मुद्दा अगदीच चुकीचा नाही म्हणायचा.

आम्स्टेलवासी

@पोल्डरकर, सांगितलं. "मग लंडनहून येताना उतार आहे, तिकडे जाताना चढ. ताईने उलटं सांगितलं," असं उत्तर आलं. ताईने काहीच सांगितलं नव्हतं.

ढगातला_काका

एका विमान कंपनीत उड्डाणांचे मार्ग आणि इंधन आखण्याचं काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पहिल्यापासून घेऊ.

आठशेचा वेग विमानाला वर, पातळ हवेत मिळतो. दहा हजार फुटांच्या खाली साधारणपणे २५० नॉट्सची मर्यादा असते, म्हणजे ताशी सुमारे ४६० किमी. लांबच्या प्रवासात हा मंद भाग जाणवत नाही, कारण पुढे तासन्‌तास वेगात जायचं असतं. इथे एकूण जायचंय २०० सागरी मैल. विमान जेमतेम चोवीस-पंचवीस हजार फुटांवर पोचतं, कर्मचारी ट्रॉली घेऊन धावतपळत पाणी-बिस्किटं वाटतात, तोवर उतरायला सुरुवात. ताशी आठशेची मजल अशा प्रवासात दहा-पंधरा मिनिटांपुरतीच.

दुसरं, सरळ रेषेत कोणी जात नाही. धावपट्टी ज्या दिशेला तोंड करून असेल तिकडे उडायचं, मग वळायचं. युरोपच्या आकाशात विमानं सरळ अंतरापेक्षा सरासरी तीनेक टक्के जास्त उडतात. हे प्रमाण लांब मार्गांवर ठीक; आखूड मार्गावर दोन्ही टोकांची वळणंच मोठी होऊन बसतात.

तिसरं आणि लंडनला जाताना सगळ्यात महत्त्वाचं: लॅम्बोर्न. हीथ्रोला उतरणारी विमानं चार ठिकाणी घिरट्या घालत थांबतात. बोव्हिंग्डन, लॅम्बोर्न, ऑकम आणि बिगिन. ॲमस्टरडॅमकडून येणाऱ्यांच्या वाट्याला एसेक्समधलं लॅम्बोर्न. सात-आठ हजार फुटांपासून वर, एकेक हजार फूट सोडून, एकावर एक विमानं फिरत असतात. एक फेरी साधारण चार मिनिटांची. सगळ्यात खालचं बाहेर पडलं की बाकीची एकेक पायरी उतरतात. आकाश स्वच्छ असेल तर खिडकीतून आपल्या वर-खाली फिरणारी विमानं दिसतात. मला आजही मजा येते, शेजारच्या प्रवाशाला मात्र धडकी भरते.

हे असं का, तर हीथ्रोला धावपट्ट्या दोनच आणि वर्षाला ४,८०,००० उड्डाणं-आगमनांची मर्यादा, तीही जवळजवळ काठोकाठ भरलेली. धावपट्टी एक मिनिटही रिकामी राहू नये म्हणून दाराशी रांग मुद्दाम तयार ठेवतात. वेळापत्रक करणाऱ्यांना हे माहीत असतं, म्हणून दोन-तीन फेऱ्यांचा वेळ त्या १:२० मध्ये आधीच धरलेला असतो.

चौथं, स्लॉट. कॅप्टन दार बंद करून सांगतो ना, "आपल्याला पस्तीस मिनिटांनंतरचा स्लॉट मिळाला आहे"? तो येतो युरोकंट्रोल या युरोपच्या हवाई वाहतूक संस्थेच्या नेटवर्क मॅनेजरकडून. पुढे गर्दी असेल तर विमानाला जमिनीवरच थांबवायचं, हवेत इंधन जाळण्यापेक्षा ते बरं. उड्डाणाची वेळ ठरवून देतात, आणि त्या वेळेच्या ५ मिनिटं आधी ते १० मिनिटं नंतर एवढीच मोकळीक. चुकलात तर रांगेत परत मागे.

अवकाळी

काका, सगळं छान, पण एक मुद्दा राहिला. वारा! युरोपात वारे पश्चिमेकडून. म्हणून ॲमस्टरडॅमहून लंडनला जायला जास्त वेळ आणि उलट कमी. शाळेतला भूगोल.

ढगातला_काका

@अवकाळी, भूगोल बरोबर, पण तो इथे लावताना हिशोब करून बघा. वरच्या उंचीवरचं अंतर धरा २५० किमी. वारा नसेल तर ताशी ७५० ने २० मिनिटं. समोरून ताशी १०० चा वारा असेल तर २३, पाठीमागून असेल तर साडेसतरा. जाण्यायेण्यात फरक पाच-सहा मिनिटांचा. एवढा तर एक ट्रक पुढे आडवा आला तरी पडतो. अटलांटिक ओलांडताना हाच वारा तासभर इकडचा तिकडे करतो, ते वेगळं.

या मार्गावर खरा त्रास देतो तो हीथ्रोच्या जमिनीजवळचा वारा. उतरणाऱ्या दोन विमानांमध्ये ठरावीक मैलांचं अंतर ठेवावं लागे. समोरून जोराचा वारा आला की विमानाचा जमिनीच्या हिशोबाने वेग कमी होतो, तेवढंच अंतर कापायला जास्त वेळ लागतो, तासाला उतरणारी विमानं घटतात आणि लॅम्बोर्नच्या घिरट्या वाढतात. २०१५ पासून हीथ्रोने अशा वाऱ्यात अंतराऐवजी वेळेने फट मोजायला सुरुवात केली, तेव्हापासून परिस्थिती सुधारली आहे. आणि वारा पूर्वेचा असेल तर ॲमस्टरडॅमच्या विमानाला हीथ्रोला वळसा घालून पश्चिमेकडून, विंडसरच्या बाजूने परत यावं लागतं. ती मिनिटं वेगळी.

पश्चिमेचा वारा असेल, आणि बहुतेक दिवस असतोच, तर विमान मध्य लंडनवरून सरळ उतरतं. परतीला आई-बाबांसाठी उजवीकडच्या खिडक्या घ्या. थेम्स, पार्लमेंट, सगळं दिसतं.

नाकासमोर

मला एवढं पाल्हाळ पटत नाही. कंपन्या वेळ फुगवून सांगतात, बस्स. दहा मिनिटं लवकर पोचलं की "आपण वेळेआधी पोचलो आहोत" म्हणून घोषणा. आपण बावळट टाळ्या वाजवणार.

थेम्सकाठी

@नाकासमोर, फुगवतात हे खरंच आहे, नाकारत कोण आहे? शिवाय ठरलेल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांच्या आत पोचलं तर ते आकडेवारीत "वेळेवर" धरलं जातं. पण उगाच फुगवणं परवडत नाही. गेटला उभं असलेलं विमान कमाई करत नाही. वेळापत्रकात दहा मिनिटं वाढवली की संध्याकाळपर्यंत त्या विमानाची एक फेरी कमी होऊ शकते. म्हणून हात आखडताच असतो.

आपल्याकडचंच बघा. मुंबई–दाबोळी सरळ अंतर सव्वाचारशे किमी, तिकिटावर सव्वा तास किंवा थोडं जास्त. मुंबईत दोन धावपट्ट्या आहेत, पण एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. तिथेही वेळ मुरतो तो असाच.

आम्स्टेलवासी

बाबांचा निकाल: "म्हणजे रनिंग टाइम. सातारा–स्वारगेट कात्रजच्या बोगद्याशी किती वेळ जातो ते धरूनच आम्ही वेळ लावायचो. घाटात गाडी किती पळते याला कोण विचारतो?" धागा इथेच संपायला हरकत नाही, पण रेल्वेचं राहिलंय.

कोपरखळी

अंतराला वेळेने भागायचंच असेल तर बाबांना स्कॉटलंडचं ऑर्कनी दाखवा. वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे. २.७ किमी. वेळापत्रकात दोन मिनिटं, वारा अनुकूल असताना झालेला विक्रम ५३ सेकंदांचा. ताशी १८० च्या वर सरासरी. तुमच्या लंडन-ॲमस्टरडॅमपेक्षा फार मागे नाही!

कलमवाली

अंतराचा विषय निघालाय तर एक उपयोगाची गोष्ट. हा ३७० चा आकडा नुसता कुतूहलाचा नाही, त्यावर पैसे ठरतात. युरोपीय संघाचा २००४ चा २६१ क्रमांकाचा नियम: विमान ऐनवेळी रद्द झालं किंवा मुक्कामी तीन तास वा अधिक उशिरा पोचलं आणि कारण कंपनीच्या हाताबाहेरचं नसेल, तर भरपाई. १,५०० किमीपर्यंत २५० युरो, १,५०० ते ३,५०० ला ४००, त्यापुढे ६००. संघाच्या आतल्या आत उडत असाल तर १,५०० च्या पुढे कितीही लांब असो, ४०० च. ब्रिटनने बाहेर पडल्यावर हाच नियम २२०, ३५० आणि ५२० पौंडांच्या आकड्यांनी ठेवला.

दोन खोचा लक्षात ठेवा.

एक, "पोचलं" म्हणजे काय? चाकं टेकली ती वेळ नव्हे, गेटला लागलं ती वेळही नव्हे. विमानाचं किमान एक दार उघडून प्रवाशांना उतरायची मुभा मिळाली ती वेळ. युरोपीय न्यायालयाने २०१४ मध्ये हे स्पष्ट केलं. २ तास ५८ मिनिटांनी चाकं टेकली आणि ३ तास ३ मिनिटांनी दार उघडलं, तर तुम्ही पात्र. म्हणून उशीर होत असेल तर दार उघडताना घड्याळाचा फोटो काढा.

दोन, मध्ये विमान बदललंत तरी अंतर सरळच मोजतात, टप्प्यांची बेरीज नाही. हा २०१७ चा निकाल. समजा एकाच तिकिटावर लंडन–ॲमस्टरडॅम–माद्रिद गेलात. उडालात ३७० अधिक १,४६०, म्हणजे अठराशेच्या वर. पण लंडन–माद्रिद सरळ अंतर १,२५० च्या आसपास, म्हणून खालचाच टप्पा लागू.

लोकलप्रवासी

@कलमवाली, भारतात जाताना काय? दिवाळीला ॲमस्टरडॅम–लंडन–मुंबई एकाच तिकिटावर चाललो होतो. पहिलं विमान पन्नास मिनिटं उशिरा, लंडनला पुढचं चुकलं, मुंबईला दुसऱ्या दिवशी. कंपनीने मेल केली की "आपल्या पहिल्या विमानाला एक तासाहून कमी उशीर झाल्याने आपण पात्र नाही". नाव लिहीत नाही, भांडण चालू आहे.

कलमवाली

सोडू नका. उशीर शेवटच्या मुक्कामी मोजायचा असतो, मधल्या स्टेशनावर नव्हे. २०१३ चा निकाल आहे. पन्नास मिनिटांमुळे मुंबईला तीन तासांहून उशीर झाला तर दावा उभा राहतो. अंतर ॲमस्टरडॅम–मुंबई धरायचं, ते सुमारे ६,८५० किमी, म्हणजे ६०० युरोचा टप्पा. निघालात संघातल्या विमानतळावरून, त्यामुळे कंपनी कुठल्या देशाची याने फरक पडत नाही. अट एकच, सगळा प्रवास एका बुकिंगमध्ये हवा. दोन स्वस्त तिकिटं वेगवेगळी काढून जोडली असतील तर मात्र तुमचं तुम्ही. आणि पहिल्या उशिराचं कारण लेखी मागा. वादळ किंवा हवाई नियंत्रणाचा निर्बंध असेल तर कंपनी सुटते, विमानातला नेहमीचा तांत्रिक बिघाड असेल तर सहसा सुटत नाही.

जुनापुराणा

थोडं अवांतर. ही वाट केएलएम या डच विमान कंपनीच्या जन्मापासूनची आहे. १७ मे १९२० रोजी कंपनीचं पहिलं उड्डाण झालं ते लंडनच्या क्रॉयडनहून स्किपोललाच. भाड्याने घेतलेलं डी-एच १६ विमान, आत दोन पत्रकार, काही वर्तमानपत्रं आणि लंडनच्या महापौरांचं पत्र. वेळ लागला दोन तासांहून थोडा जास्त. तेव्हा चिखलातल्या मैदानातून चालत जाऊन बसायचं, त्यामुळे आजच्या सुरक्षा तपासणीसकट हिशोब केला तर शंभर वर्षांत घरून घरी किती कमावलं, हा प्रश्नच आहे.

वेळेच्या फरकाचीही गंमत. मे १९४० पर्यंत नेदरलँड्सचं घड्याळ ग्रिनिचच्या फक्त वीस मिनिटं पुढे होतं. १९३७ च्या आधी तर १९ मिनिटं ३२ सेकंद! जर्मनांनी देश व्यापला आणि बर्लिनची वेळ लादली, ती युद्धानंतरही तशीच राहिली. आज दोन्ही देश मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एकाच क्षणी घड्याळं फिरवतात, म्हणून फरक बारा महिने एक तासाचाच.

आम्स्टेलवासी

१९ मिनिटं ३२ सेकंदांचं बाबांना सांगणार नाही. झोपणार नाहीत.

रूळावरची

आता रेल्वेबद्दल. लंडनच्या सेंट पँक्रसहून ॲमस्टरडॅम सेंट्रलपर्यंत थेट युरोस्टार साधारण चार तास. कागदावर विमान तिप्पट वेगवान. पण घरून घरी मांडा. ताईच्या घरून हीथ्रो तासभर, विमानाच्या दोन तास आधी पोचायचं, १:२० प्रवास, मग स्किपोलचं पासपोर्ट तपासणीचं दालन, मग सामान. स्किपोलचं स्टेशन टर्मिनलच्या खालीच आणि तिथून सेंट्रल पंधरा-सतरा मिनिटं, एवढा भाग झकास. बेरीज सहाच्या आसपास जाते. रेल्वेने स्टेशनला पोचणं, तासभर आधी चेक-इन, चार तास, तेही सहाच. फरक उरत नाही.

सत्तरीच्या माणसांसाठी माझं मत रेल्वेला. युरोपच्या प्रवेशाची तपासणी सेंट पँक्रसलाच होते, ॲमस्टरडॅमला उतरलं की सरळ बाहेर. १२ ऑक्टोबर २०२५ पासून प्रवेश-निर्गमनाची नवी संगणकी नोंद टप्प्याटप्प्याने आली आहे, पर्यटक व्हिसावाल्यांना त्यात वेळ जातो. तो वेळ लंडनला ताई सोबत असताना... नाही, ताई आत येऊ शकणार नाही. पण निदान प्रवासाच्या सुरुवातीला, अंगात त्राण असताना जातो. सामान आपल्याजवळ, पाण्याची बाटली आणि डबा चालतो, पाय मोकळे करता येतात.

पोल्डरकर

रेल्वेला माझं निम्मं मत. आपलं सामान आपणच उचलायचं, हे गुडघेवाल्यांना जड. विमानतळावर व्हीलचेअर आधी सांगितली तर दारापासून दारापर्यंत माणूस सोबत असतो आणि पासपोर्टची रांगही वेगळी मिळते. युरोस्टारलाही मदत मिळते, मात्र आधी नोंदवावी लागते. शिवाय एक गाडी रद्द झाली तर पुढची थेट गाडी काही तासांनी. हीथ्रो–स्किपोल दिवसभर विमानांची रीघ असते.

आणि विमानच घेणार असाल तर हीथ्रोचा हट्ट सोडा. ताईचं घर पूर्व लंडनला जवळ असेल तर लंडन सिटी विमानतळ बघा. अंतर ३३५ किमी, लॅम्बोर्नच्या घिरट्या नाहीत, टर्मिनल एवढंसं की गुडघा कुरकुरायच्या आत गेट येतं. धावपट्टी दीड किलोमीटरची, त्यामुळे विमानं छोटी आणि उतरताना नेहमीपेक्षा उभ्या कोनात खाली येतात. परतीला आईंना आधी सांगून ठेवा.

आम्स्टेलवासी

सगळ्यांचे आभार. ताई वायव्य लंडनमधल्या हॅरोला राहते, त्यामुळे सिटी बाद. आईने वादात पडायला नकार देऊन "बाबांना समुद्राखालच्या बोगद्यातून जायचंय, एवढंच कारण आहे, बाकी आकडेमोड लोकांना दाखवायला" असा खुलासा केला आहे. येताना युरोस्टार, मदतीची नोंदणी ताई आजच करतेय. परत जाताना विमान, व्हीलचेअर आणि उजवीकडच्या दोन खिडक्या, पुढे-मागे. @ढगातला_काका, लॅम्बोर्नला फेऱ्या किती झाल्या ते बाबा मोजणार आहेत. आकडा इथे टाकेन.

लोकलप्रवासी

@कलमवाली, कंपनीचं लेखी उत्तर आलं. कारण लिहिलंय "परिचालनविषयक". याचा अर्थ काय धरायचा?

कलमवाली

काहीच नाही, आणि तेच तुमच्या फायद्याचं. हाताबाहेरचं कारण होतं हे सिद्ध करायची जबाबदारी कंपनीची आहे, तुमची नव्हे. बोर्डिंग पास आणि ती मेल जोडून पुन्हा लिहा, सहाशेचा आकडा आणि ६,८५० किमी स्पष्ट टाका, उत्तराला मुदत द्या. तरीही टाळाटाळ केली तर संबंधित देशाच्या अंमलबजावणी संस्थेकडे तक्रार. दावा चालवून देणाऱ्या कंपन्या तुम्हाला जाहिराती दाखवायला लागतील. त्या भरपाईतला मोठा वाटा कापून घेतात, आधी स्वतः लिहून बघा.